चैत्र-वैशाखातली न्याहारी अन् रातचं जेवण : ओट्यापुढं कमी उभं राहून काय करता?

पूर्णाकाठ (परभणी) | ११ एप्रिल, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. आज इथं पारा ४१ च्या पुढं गेला. लेकरांची शाळा सकाळची झालीय, सातला घंटा. सासूबाईंना आठच्या आत काहीतरी पोटात लागतं, कारण त्यावर गोळी घ्यायची असते. आमचं स्वयंपाकघर पश्चिमेला आहे. दुपारी चारनंतर भिंत तापते ती रात्री दहापर्यंत हात लावू देत नाही. दुपारचं जेवण मी सकाळीच उरकते, त्याचं काही नाही. अडचण दोन टोकांची आहे, सकाळची न्याहारी आणि रात्रीचं जेवण.

घरात पाच माणसं. सकाळी वीस मिनिटं आणि रात्री अर्धा तास, याच्या वर गॅस पेटवायचा नाही असं मी ठरवलंय. टँकर आठवड्यातून एकदा येतो, त्यामुळे भांडीही कमी पडली पाहिजेत. पोहे आणि उपीट आलटून पालटून करून लेकरं कंटाळली. रात्री पोळ्या करायच्या म्हणजे पंधरा पोळ्यांपुढं पाऊण तास जातो आणि शेवटी जेवायची इच्छाच उरत नाही.

माझी माय उन्हाळ्यात काय करायची ते आठवलं तर आंबील आठवली. परवा केली, तर पूर्ण फुटली. चोथा वेगळा, पाणी वेगळं. लेकरांनी वाटी तशीच सरकवली आणि मला फार वाईट वाटलं. काय चुकलं असेल? आणि तुमच्याकडं या दिवसांत घरात रोज काय होतं? पाहुण्यांसाठीचं नको, रोजचं सांगा.

काठवट (धाराशिव) | १२ एप्रिल, पहाटे ५.५०

ताई, आंबील फुटली म्हणजे ताक तापलं. ताक एकटं उकळलं की ते फुटणारच. क्रम बदला, पुन्हा कधी फुटणार नाही.

पाच जणांसाठी सांगते. निजायच्या आधी पाऊण वाटी ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात कालवून ठेवा, गुठळी राहू देऊ नका. भांडं मातीचं नाहीतर स्टीलचं घ्या, बिनकल्हईचं पितळ अजिबात नको. हिवाळ्यात हे आंबायला रात्र जाते आणि वर अर्धा दिवस लागतो. सध्याच्या हवेत सहा-सात तास पुरे. पहाटे झाकण काढलं की वर बारीक बुडबुडे दिसतात, वास आंबूस पण गोडसर येतो. नाकाला झोंबला तर जास्त आंबलं समजा आणि दुसऱ्या दिवशी उशिरा भिजवा.

मग सहा वाट्या पाणी उकळत ठेवा. त्यात सहा-सात पाकळ्या ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. उकळी फुटली की आच मंद करायची आणि एका हातानं पिठाची धार सोडत दुसऱ्या हातानं डाव फिरवत राहायचा. पहिली दोन मिनिटं ते दुधासारखं पांढरं दिसतं, डाव हलका फिरतो. मग एकाएकी हाताला जड लागतं. आवाज बदलतो, बुडबुड थांबून फदफद सुरू होतं आणि पांढऱ्या रंगावर तकाकी येते. तिथून पुढं पाच मिनिटं. डावाच्या पाठीवर बोट ओढलं की रेघ राहिली पाहिजे. उतरवा आणि निवू द्या. पूर्ण निवल्यावरच दोन वाट्या गार ताक, बारीक चिरलेला कांदा आणि कोथिंबीर घाला.

रात्री भिजवलेल्या पिठात ताक असतं तरी ते उकळताना फुटत नाही, कारण पीठ त्याला धरून ठेवतं. वरून ओतलेलं ताक गरम आंबिलीत गेलं की मात्र फुटतं. तुमचं तेच झालं असणार.

लेकरांना पहिल्यांदा पातळ द्या, पेल्यात द्या. वाटी-चमच्यानं दिली की औषध वाटतं.

बालाघाटी (बीड) | १२ एप्रिल, सकाळी ७.२०

काठवट काकूंनी सांगितलं त्यात भर घालण्यासारखं काही नाही. आमच्या घरी मात्र उन्हाळ्यात सकाळी गॅसच पेटत नाही. रात्री दोन भाकरी मुद्दाम जास्त करायच्या आणि फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवायच्या. सकाळी कुस्करून त्यावर ताक, मीठ, कच्चा कांदा. दहा मिनिटं मुरू द्यायचं. माझे वडील आजही शेतावर जाताना हेच खाऊन जातात आणि बारापर्यंत त्यांना भूक लागत नाही.

सोबत भुरका पाहिजे. पळीभर करडईचं तेल तापवा, त्यात जाडसर ठेचलेला लसूण लाल होऊ द्या, तीळ आणि शेंगदाण्याचं जाड कूट घाला, गॅस बंद करा आणि मग तिखट-मीठ. तिखट बंद गॅसवरच घालायचं, नाहीतर जळतं आणि घरभर ठसका उठतो. झाला भुरका. तीन मिनिटांचं काम आणि चार दिवस टिकतो.

तिफण (परभणी) | १२ एप्रिल, दुपारी १.०५

शेतकरी माणूस आहे, रांधण्यातलं थोडंच कळतं, पण धान्याबद्दल सांगतो. आपल्याकडची रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते, काळ्या रानातल्या ओलीवर वाढते आणि फेब्रुवारी-मार्चात खळ्यावर येते. म्हणजे चैत्रात घरात येते ती नवी ज्वारी. वर्षातली सगळ्यात गोड भाकरी याच दोन महिन्यांत होते. तरी बरीच घरं उन्हाळ्यात ज्वारी बाजूला ठेवून गव्हाकडं वळतात, याचं मला वाईट वाटतं.

आमच्या रानात परभणी मोती असते. इथल्याच कृषी विद्यापीठाचं वाण आहे, दाणा टपोरा आणि पांढराशुभ्र. ‘परभणी शक्ती’ हेही त्यांचंच, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. लेकरांच्या आंबिलीसाठी मिळालं तर बघा.

एक विनंती. या दिवसांत पीठ महिन्याचं दळून ठेवू नका. आठ-दहा दिवसांचंच दळा. उन्हाळ्यात पिठाची विरी (बांधून राहायची ताकद) लवकर जाते, मग भाकरी थापताना कडा फाटतात आणि बाई म्हणते ज्वारीच खराब निघाली.

पूर्णाकाठ (परभणी) | १२ एप्रिल, रात्री ९.३०

तिफण दादा, माझं पीठ तीन आठवड्यांचं आहे! कडा फाटायलेत त्या त्याच्यामुळंच तर. आता हे चार किलो पीठ काय करू?

काठवट (धाराशिव) | १२ एप्रिल, रात्री ९.५५

टाकू नका. आधणाच्या पाण्यात मळा. पाणी खळखळ उकळलं की परातीतल्या पिठाच्या मधोमध खळगा करून ओतायचं, उलथन्यानं कालवायचं, झाकून पाच मिनिटं ठेवायचं आणि मग हाताला सोसेल तसं तळव्याच्या टाचेनं रगडायचं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यानं पिठातलं सत्त्व फुगतं आणि तेच पिठाला बांधतं. गोळा उचलून बोटानं दाबा, कड फाटली नाही तर झालं.

माझी आई सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो (परदेशी ज्वारी) मिळायची, तिची भाकरी आधणाशिवाय थापताच यायची नाही. तव्यावर टाकेपर्यंत तुकडे व्हायचे. आधणात पीठ मळायची सवय आमच्या घराला तेव्हापासून लागली ती आजही आहे.

रूमवर (लातूर) | १३ एप्रिल, रात्री ११.४०

मी इथं नीटच्या तयारीसाठी आलोय. गाव उदगीरकडं आहे. मेसचं जेवण या उन्हात जात नाही, दोनदा पोट बिघडलं. रूमवर एक इंडक्शन, एक कढई आणि एक पातेलं आहे. फ्रिज नाही. सकाळी सहाला क्लास असतो. मला काय जमेल?

मांजराकाठ (लातूर) | १४ एप्रिल, सकाळी ६.३०

बाळा, तुला सुशीला शिकवते. काहीजण सुसलाही म्हणतात. लातूर, बीड, धाराशिव, सोलापूर, सगळीकडं होतो आणि बाहेरगावी फार कुणाला माहीत नसतो.

एका माणसाला दोन मोठ्या मुठी मुरमुरे. चाळणीत घेऊन नळाखाली धर, सगळे भिजले की लगेच काढ. पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत, नाहीतर लगदा होतो. दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन हलकं पिळून काढ. मुरमुरा ओला पण अख्खा राहिला पाहिजे. कढईत चमचाभर तेल, मोहरी, जिरं, मूठभर शेंगदाणे, हिरवी मिरची, कढीपत्ता, कांदा. कांदा नरम झाला की हळद, मीठ, मग मुरमुरे. वर दोन चमचे डाळ्याचं कूट भुरभुरून एकदा हलव आणि झाकण ठेवून दोन मिनिटं. डाळ्याचं कूट विसरू नको. मुरमुऱ्यातलं जास्तीचं पाणी तेच ओढून घेतं आणि सुशीला मोकळा होतो. वरून लिंबू. सगळं मिळून दहा मिनिटं. मुरमुरे, डाळं, शेंगदाणे या गोष्टी फ्रिजशिवाय महिनाभर राहतात.

रात्रीसाठी मेतकूट-भात. ताज्या गरम भातावर मेतकूट, मीठ, तूप किंवा कच्चं तेल. आईला डबाभर मेतकूट पाठवायला सांग. आणि रोज दही आणून सकाळी घुसळून मीठ घातलेलं ताक प्यायचं. मी शिवाजी चौकाकडं राहते. पेपर होईपर्यंत काही अडलं तर इथंच लिही, मी रोज बघते.

गुलमंडी (छत्रपती संभाजीनगर) | १४ एप्रिल, सकाळी ८.१०

मांजराकाठ ताई, आमच्याकडं सुशील्यात कांदा घालत नाहीत, टोमॅटो आणि वरून ओलं खोबरं.

मांजराकाठ (लातूर) | १४ एप्रिल, सकाळी ८.४५

खोबरं समजू शकते, पण टोमॅटोनं मुरमुरे पुन्हा ओले होतात. आधी तेलात टोमॅटो पूर्ण आटवून घेत असाल तर ठीक.

पूर्णाकाठ (परभणी) | १५ एप्रिल, रात्री १०.००

आंबील जमली! फुटली नाही. थोरलीनं पेलाभर घेतली, धाकट्यानं अर्धा. सासूबाईंनी तर सांगितलं की उद्यापासून मला दुसरं काही करू नको.

भाताचा विषय निघालाय म्हणून एक गोष्ट सगळ्यांना कळकळीनं सांगते. गेल्या वर्षी मे महिन्यात रात्रीचा भात आमच्या ओट्यावरच राहिला. सकाळी वासबीस काही नव्हता, मी कांदा-मिरचीची फोडणी देऊन सगळ्यांना वाढला. दुपारपर्यंत तिघांना उलट्या, धाकट्याला सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी समजावलं ते मी विसरत नाही. शिजवलेल्या भातात एका जिवाणूची बीजं जिवंत उरतात, गरम हवेत ती रात्रीतून वाढतात आणि ती जे विष सोडतात ते पुन्हा तापवूनही जात नाही. फोडणी दिली, वाफ आणली, काही उपयोग होत नाही. हिवाळ्यात आपण जे करतो ते या दिवसांत चालत नाही. उरलेला भात तासाभरात पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बेतानंच शिजवा. रूमवर, तुझ्याकडं फ्रिज नाही, तू तर एका वेळचाच शिजव.

गोदाकाठ (नांदेड) | १६ एप्रिल, सकाळी ९.१५

आमच्या गल्लीत अर्धी घरं मुस्लिम आहेत आणि माझं लहानपण शेजारच्या खालांच्या स्वयंपाकघरात गेलं. त्यांच्याकडं न्याहारीला खिचडी-खट्टा असायचा. निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या भागात ही हैदराबादी न्याहारी मुरली आहे, आणि मला विचाराल तर उन्हाळ्यासाठी याच्याइतकी योग्य दुसरी नाही. निम्मं ताट गरम असतं, निम्मं गार.

खिचडी साधीच. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मसूर डाळ, हळद, कांदा, आलं-लसूण, कुकरला दोन शिट्ट्या. मोकळी ठेवायची, गिचका नको.

खट्टा शिजवायचाच नसतो. चार चमचे तीळ कोरडे भाजा, गुलाबी झाले की पुरे, करपले की कडू. लिंबाएवढी चिंच भिजवून कोळ काढा. तीळ, जिरं, हिरवी मिरची बारीक वाटून कोळात कालवा, तीन वाट्या माठाचं पाणी, मीठ. बारीक चिरलेला कांदा आणि कोथिंबीर वरून. पातळ सारासारखा पाहिजे. गरम खिचडीत मधे खळगा करून गार खट्टा ओतायचा. पहिला घास तोंडात गेला की कपाळावरचा घाम थांबतो असं खाला म्हणायच्या.

खट्टा आदल्या रात्री करून माठाशेजारी ठेवता येतो. कांदा मात्र सकाळीच घाला, रात्रभर राहिला की वास मारतो.

मांजराकाठ (लातूर) | १६ एप्रिल, सकाळी १०.३०

हे मी उद्याच करणार. चिंचेचं म्हणाल तर आमच्या जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्तीच्या कोथिंबिरीलाही. तिन्ही एकत्र आणली की उन्हाळ्यातली आमटी झालीच.

भांडी कमी पाडायचं मात्र आम्ही २०१६ ला शिकलो. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते आठवतंय ना सगळ्यांना? घागरी मोजून स्वयंपाक व्हायचा. तेव्हापासून रात्रीला आमच्याकडं वरणफळं. एका भगुन्यात सगळं. तूरडाळीचं वरण पातळ फोडणीला टाकायचं, काळा मसाला, चिंच, गूळ. कणीक पोळीसारखी लाटून शंकरपाळ्यासारखी कापायची आणि उकळत्या वरणात एकेक सोडायची. एकदम टाकली की गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत फळं फुगून वर येतात. वर तूप. दुसरं काही लागत नाही, घासायला एक भगुनं आणि पाच ताटल्या. वरण दुपारीच शिजवून ठेवलं असेल तर रात्री गॅस वीस मिनिटं.

बालाघाटी (बीड) | १६ एप्रिल, दुपारी २.२०

रात्रीसाठी येसर कुणीच कसं सांगितलं नाही? लग्नसराईत घरोघरी येसर भाजल्याचा वास यायचा. आमच्या घरचं प्रमाण : गहू, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, बाजरी एकेक वाटी, अर्धी वाटी धणे, मग जिरं, मिरी, दालचिनी, लवंग, सुकं खोबरं, दहा-बारा लाल मिरच्या. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर खमंग भाजून दळायचा. एकदा केलं की पावसाळ्यापर्यंत पुरतं.

आमटीला पाच जणांना चार चमचे येसर गार पाण्यात कालवा (गरम पाण्यात गुठळ्या होतात), लसणाच्या फोडणीत सहा वाट्या पाण्याबरोबर ओता, चिंच-गूळ-मीठ, आणि दहा मिनिटं उकळू द्या. ना डाळ शिजवायची, ना भाजी चिरायची. भाकरी कुस्करून किंवा भातावर. मे महिन्यात बाजारात दोडका आणि गवार सोडून काही धड मिळत नाही, तेव्हा येसर आणि सांडगे या दोन डब्यांवर आमचं घर चालतं.

दुधनाकाठ (जालना) | १८ एप्रिल, सकाळी ७.४०

सध्या आमच्या गच्चीवर कुरडयांचं चाललंय, म्हणून या आठवड्यात न्याहारी एकच : गव्हाचा चीक. कुरडया करताना दोन वाट्या चीक बाजूला काढायचाच असतो, लेकरं त्याचीच वाट बघत असतात.

गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक रात्रभर स्थिर ठेवायचा. सकाळी वर पिवळसर निवळ येते ती अलगद ओतून द्यायची, खाली घट्ट पांढरा चीक राहतो. जेवढा चीक तेवढंच पाणी, मीठ, हिंग, जिरं घालून उकळायचं आणि चीक ओतून सारखं ढवळायचं. थांबलात की तळाला धरतो. पांढऱ्याचा पारदर्शक झाला, हाताला चिकटेनासा झाला की शिजला. गरम चिकावर कच्चं तेल आणि तिखट, किंवा दूध-साखर. माझ्या आईच्या घरी मोठी माणसं तेल-तिखट घ्यायची आणि आम्ही दूध-साखर, आता माझी लेक तेल-तिखट मागते.

गुलमंडी (छत्रपती संभाजीनगर) | १८ एप्रिल, रात्री ८.५०

मी नोकरी करते, तीन दिवस गहू भिजवणं होत नाही. माझा उपाय वेगळा आहे. मी रात्रीचं जेवण पहाटेच करते. धपाटे.

दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन. लसूण-मिरची-जिरं-ओवा खलबत्त्यात ओबडधोबड ठेचून, तीळ, हळद, भरपूर कोथिंबीर. संध्याकाळपर्यंत ठेवायचे असतील तर कांदा घालायचा नाही, पाण्याऐवजी दह्यात मळायचं. पोळपाटावर सुती फडकं ओलं करून पसरायचं. गोळा मधे ठेवून ओल्या बोटांनी मधून कडेकडे थापत जायचं. मधे एक आणि भोवती चार भोकं बोटानं पाडायची, तेल त्यातून खाली जातं आणि मधला भाग कच्चा राहत नाही. मग फडक्यासकट उचलून तव्यावर पालथं घालायचं आणि कड धरून फडकं सावकाश सोडवायचं. पहिला धपाटा नेहमी थोडा फाटतो, दुसऱ्यापासून हात बसतो.

पहाटे साडेपाचला बारा धपाटे होतात, तोपर्यंत खिडकीतून गार वारा येत असतो. अर्धे न्याहारीला, अर्धे सुती कपड्यात गुंडाळून रात्रीला. संध्याकाळी सहाला घरी आल्यावर फक्त दही घुसळायचं आणि तक्कू करायचा. कैरी किसून मीठ, गूळ, तिखट आणि वर मोहरी-मेथीची गार केलेली फोडणी. सगळे गच्चीवर जाऊन जेवतो. एप्रिल-मेमध्ये माझ्या घरी संध्याकाळी गॅस फक्त दूध तापवायला पेटतो.

पूर्णाकाठ (परभणी) | १८ एप्रिल, रात्री ९.२०

गुलमंडी ताई, हे मला सुचलंच नव्हतं. मी रात्रीचा स्वयंपाक सोपा कसा करायचा तेच शोधत बसले होते, तो तापलेल्या भिंतीपासून पहाटेकडंच न्यायचा हे डोक्यात आलं नाही. उद्याच करते.

रूमवर (लातूर) | २१ एप्रिल, रात्री १०.५५

मांजराकाठ काकू, सुशीला जमला. पहिल्या दिवशी मुरमुरे जास्त भिजले, दुसऱ्या दिवशी बरोबर झाला. आता आम्ही रूमवरचे तिघे मिळून करतो. आईनं मेतकूट आणि भुरका दोन्ही पाठवलंय. पोट चांगलं आहे.

तिफण (परभणी) | २४ एप्रिल, सकाळी ६.००

ज्वारीच्या कण्या राहिल्या. गिरणीत सांगून ज्वारी जाडी भरडून आणा. वाटीभर कण्या तासभर भिजवून चार वाट्या पाण्यात मऊ शिजवायच्या, मीठ, आणि गार झाल्यावर ताक. सालदारापासून मालकापर्यंत सगळ्यांची न्याहारी हीच असायची. उन्हाळी भुईमूग निघायला लागला की त्यासोबत उकडलेल्या ओल्या शेंगा. माझ्या आईचं वय ८१ आहे, दात राहिले नाहीत, ती दोन्ही वेळेला कण्याच खाते.

काठवट (धाराशिव) | २९ एप्रिल, रात्री ९.१०

उद्या अक्षय तृतीया. आमच्याकडं पितरांना रसाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कुणी आंबा तोंडाला लावत नाही. यंदा मराठवाड्याचा केसर लवकर आलाय. उद्या दुपारी पुरणपोळी आणि रस, आणि रात्रीला उरलेला रस व धिरडी. ज्वारीच्या पिठात चौथाई बेसन, मीठ, जिरं, ताकात सरसरीत भिजवा आणि अर्ध्या तासानं तव्यावर घाला. रसाबरोबर धिरडं आणि तळलेली कुरडई, रात्रीला पुरे होतं. रस गोड असतो म्हणून धिरड्यात मिरची घालू नका, कडेला लसणाची चटणी घ्या. रसात चिमूटभर सुंठ आणि चमचाभर तूप घाला, बाधत नाही.

पूर्णाकाठ (परभणी) | १ मे, रात्री ९.४५

मंडळी, वीस दिवस झाले. काय झालं ते सांगायला आले.

सोमवारी आणि गुरुवारी आंबील, मंगळवारी सुशीला, शनिवारी खिचडी-खट्टा, असं आपोआप बसत गेलं. बुधवारी आणि शुक्रवारी पहाटे धपाटे, त्याच दिवशी रात्रीलाही तेच. बाकी रात्री येसर नाहीतर वरणफळं. चार किलो जुनं पीठ काठवट काकूंच्या आधणानं संपवलं, नवं दहा दिवसांचंच दळून आणलं. नव्या पिठाची पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून बघत होत्या. म्हणाल्या, माझ्या सासूच्या हातची अशी फुगायची. लग्नाला चौदा वर्षं झाली, माझ्या भाकरीबद्दल त्या पहिल्यांदाच बोलल्या.

काल रस आणि धिरडी. धिरडी थोरलीनं घातली, मला ओट्याजवळ येऊ दिलं नाही. दोन चिकटली, बाकीची सुटली. बेसन थोडं जास्त पडलं होतं असं वाटतं. काठवट काकू, चिकटू नये म्हणून तव्याला कांदा चोळायचा की तेल पुसायचं? तिला उद्या पुन्हा करायचीत, सकाळी उठल्यावर वाचून दाखवीन. आत्ता पीठ भिजवून माठाशेजारी ठेवून आलेय.

काठवट (धाराशिव) | १ मे, रात्री १०.०५

अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि प्रत्येक धिरड्याआधी तव्यावर फिरवायचा. बिडाचा तवा असेल तर पहिलं धिरडं घालायच्या आधी मीठ टाकून चांगला तापवून पुसून घ्या. आणि तिला सांगा, कड आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही.